एकशे चौसष्ट मीटरची तूट

हिरामणने आयुष्यात कधी वीतभरही कापड कमी मोजलं नव्हतं, आणि त्याचं जे काही वाटोळं झालं ते त्यामुळेच झालं.

भिवंडीत कामतघरला एका शेटच्या कारखान्यात तो फोल्डिंग खात्यात तपासनीस होता. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका टेबलावर यायचा, मीटर-मीटरच्या घड्या पडायच्या, आणि शंभराचा म्हणून आलेला ताका अठ्ठ्याण्णवच भरला की हिरामण मान वर करून लूमवाल्याकडे बघायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्या बघण्याला अख्खं खातं टरकून होतं. घरी मात्र त्या बघण्याचा काही उपयोग नव्हता. बायकोला, म्हणजे काशीला, त्याची सवय झाली होती आणि आईला दिसत नव्हतं.

आईचे, द्रौपदीबाईंचे, दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. आता छातीही धड चालेना. डॉक्टरांनी हिरामणला बाहेर बोलावून, "त्यांना काय हवं-नको ते बघा," असं सांगितलं. डॉक्टर असं सांगतात तेव्हा घरच्यांनी काय समजायचं ते समजावं अशी रीत आहे. हिरामणने समजून घेतलं आणि घरी येऊन आईला विचारलं, तुला काय हवंय.

"तुज्या बापाचा आवाज आयकायचाय," आई म्हणाली. "एकदाच."

बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. दुसऱ्या कोणाच्या आईने असं मागितलं असतं तर लोकांनी डोळे पुसले असते आणि विषय संपला असता. पण हिरामणचं नशीब असं की बापाचा आवाज खरोखरच उपलब्ध होता. बाप, म्हणजे सोमा, जवळच्या काल्हेरच्या खाडीत होडी चालवायचा. सत्तर सालच्या सुमारास कुठलीशी सिनेमा कंपनी तिथं आली, आणि नायकाला पैलतीरी सोडणारा नावाडी म्हणून त्यांनी सोमालाच उभा केला. त्याला एक वाक्यही दिलं. वाक्य हिंदी होतं, पण सोमाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याचं "उतरो साहेब, काठ आला" असं झालं. दिग्दर्शकाला ते आवडलं की तो उन्हाने कंटाळला होता कोण जाणे, पण तसंच ठेवलं. त्यानंतर सोमाने जन्मात फोटो काढून घेतला नाही. सिनेमात आलोय, आता फोटो कशाला, असं तो म्हणायचा. त्यामुळे सोमा नावाचा माणूस या जगात होऊन गेला याला पुरावा म्हणून तेवढा एक सिनेमा उरला होता.

ते साल एकोणनव्वद. सिनेमा थिएटरातून केव्हाच उतरला होता, पण बाजारपेठेतल्या लडकूच्या व्हिडिओ लायब्ररीत त्याची कॅसेट निघाली. हिरामणने रविवारसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. चाळीत व्हीसीआर आला की चाळ आत येते, तशी ती आली. सगळ्यांत पुढे राघो मास्तर बसले. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिकवायला कोणी न उरल्याने ते अख्ख्या चाळीला शिकवत. त्यांच्याच सल्ल्याने हिरामणने टीव्हीचा अँटेना कल्याणच्या दिशेने फिरवला होता. तेव्हापासून बातम्या ऐकू येत, पण दिसत नसत. व्हीसीआरला अँटेना लागत नाही हे त्यातल्या त्यात बरं होतं.

सुरुवातीलाच सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं. ते येतं तेव्हा सगळे बोलत असतात, वाचत कोणी नाही. हिरामणने वाचलं, कारण त्यात 'मीटर' हा शब्द होता. लांबी चार हजार एकशे चार मीटर. सिनेमाही मीटरवर मोजतात हे कळून त्याला आपल्या धंद्याबद्दल प्रथमच अभिमान वाटला, आणि सवयीने त्याने मनगटावरच्या घड्याळात बघून ठेवलं.

सिनेमा निम्म्यावर आल्यावर खाडी आली, होडी आली, आणि पाठमोरा सोमा आला. मग तो वळला आणि म्हणाला, "उतरो साहेब, काठ आला." चाळीने टाळ्या वाजवल्या. काशीने पदर डोळ्यांना लावला. सगळे आईकडे वळले.

"हे न्हायत," आई म्हणाली.

"आये, तेच हायेत. मला दिसतायत ना."

"तुला दिसत असतील. ह्यांचा आवाज जड होता. हा कोन पोरगा बोलतोय पिरपिर. आनि बोलताना मधी दम घ्यायचे, तो कुटं हाय?"

रिवाइंड करून चार वेळा लावलं. चारही वेळा आईने मान हलवली आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून निजली. चाळीने मात्र उरलेला सिनेमा पुरा बघितला. संपला तेव्हा हिरामणने घड्याळ बघितलं. दोन तास चोवीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो थिएटरच्या ऑपरेटरला भेटला. ऑपरेटरने सांगितलं, मिनिटाला सत्तावीस मीटर आणि वर थोडी, एवढी फिल्म पळते. हिरामणने गुणाकार केला, आणि पुन्हा केला. चार हजार एकशे चार मीटरला अडीच तास लागायला हवे होते. कॅसेटवर सहा मिनिटं कमी होती, म्हणजे एकशे चौसष्ट मीटर माल मधल्यामधे गायब होता. आईचं बरोबर होतं. बापाचा खरा सीन कोणीतरी कापून घेतला होता आणि तिथं कुठल्यातरी पोराच्या आवाजाचा तुकडा जोडला होता.

राघो मास्तरांनी हे नळावर ऐकलं आणि बादली खाली ठेवली. मास्तरांनी बादली खाली ठेवली की मागच्या लोकांनी दुसरा नळ बघावा हे चाळीला ठाऊक होतं.

"हिरामण, चोरीबिरी काही नाही," मास्तर म्हणाले. "सिनेमा म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं. आपल्याकडे वीज पन्नास फेऱ्यांची, म्हणून आपला टीव्ही पंचवीस मागतो. चोवीसच्या चालीने चालणाऱ्याला कॅसेटवर पंचवीसच्या चालीने पळवतात. चित्रं तेवढीच, पण लवकर संपतात. तासाला अडीच मिनिटं वाचतात. आणि घाईने बोललं की आवाज बारीक होतो. अमेरिकेत साठ फेऱ्यांची वीज, तिथली पद्धतच वेगळी. तिथं अधूनमधून एखादं चित्र जरा जास्त वेळ दाखवून हिशेब जुळवतात, त्यामुळे सिनेमा मूळ चालीनेच चालतो. तिथल्या कॅसेटवर हाच सिनेमा पुरे अडीच तास भरेल."

हे सगळं शब्दन्‌शब्द खरं होतं. मास्तरांच्या आयुष्यात संपूर्ण बरोबर सल्ला देण्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. अँटेना सगळ्यांच्या लक्षात होता.

"मास्तर," हिरामण शांतपणे म्हणाला, "ताका कमी भरला की माणसाने चोरलेला असतो. मशीन चोरत नाही."

मास्तरांच्या बोलण्यातली एकच गोष्ट त्याने उचलली. अमेरिकेत माल पुरा मिळतो.

पण आधी तक्रार करायला हवी होती. मापात तूट, म्हणून तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठाण्याला वजनमापांच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. इतकं नीट ऐकून घेतलं की हिरामणला आशा वाटली.

"लांबीच्या मापाची तक्रार आहे ना?" साहेब म्हणाले. "मग वस्तू समोर पसरून मोजावी लागते. नुसत्या घड्याळावर आम्ही लांबी धरत नाही. तुम्ही मोजलीत का?"

हिरामण खजील झाला. इतकी वर्षं कापड मोजणाऱ्या माणसाने मालाला हात न लावता तक्रार करावी, हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. साहेबांनी त्याला फक्त वाटेला लावलं होतं, हे त्याला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खातं जेवायला गेल्यावर त्याने लडकूची कॅसेट फोल्डिंगच्या टेबलावर ठेवली, स्क्रू काढले, फीत बाहेर ओढली आणि मीटर-मीटर मोजायला लागला. कापड घडीवर घडी बसतं. फीत बसत नाही. ती पायात आली, टेबलाखाली गेली, पंख्याच्या वाऱ्याने लूमच्या दिशेने निघाली. जेवून परत आलेली माणसं दारातच थांबली, कारण त्यांचा कडक तपासनीस काळ्या फितीत गुडघ्यापर्यंत बुडून आकडे म्हणत उभा होता. शेवटी फीत अडीचशे मीटरवर थोडी भरली.

एकशे चौसष्टची तूट घेऊन बसलेल्या माणसाला पावणेचार हजारांच्या वर तूट सापडली होती.

थिएटरातली फिल्म वेगळी आणि कॅसेटमधली फीत वेगळी, तिचा आणि प्रमाणपत्रावरच्या मीटरचा काही संबंध नाही, हे त्याला लडकूने समजावलं. लडकूची समजावण्याची पद्धत मास्तरांपेक्षा लवकर पोचणारी होती. पिशवीत कोंबलेली फीत बघून तो आधी काही वेळ काउंटरवर डोकं टेकवून बसला.

"हिरामणभाऊ, ये क्या किया तुमने? अरे, ह्या पिक्चरची भिवंडीत एकच कॅसेट होती. आता कंपनीपण बंद पडली. तुमच्या बापाला तुम्हीच मारला ना."

भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर लडकू हे म्हणाला. हिरामणने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. लडकूवर काही परिणाम झाला नाही. हिरामण घरी आला आणि जेवला नाही.

"मंग आता?" काशीने विचारलं.

"आता अमेरिका," तो म्हणाला. काशीने ताट झाकून ठेवलं. नवरा चार दिवस झोपला नव्हता हे ती बघत होती.

अमेरिका मास्तरांकडे होती. मास्तरांचा भाचा तिकडे न्यू जर्सीत इंजिनियर होता आणि दिवाळीला येणार होता. तिथं आपल्या लोकांच्या वाणसामानाच्या दुकानात डाळ-तांदळाबरोबर हिंदी सिनेमाच्या कॅसेटीही भाड्याने मिळतात. मास्तरांनी पत्र टाकलं. हिरामणच्या घरात दिवस मोजायला लागले, आणि आईचं जेवण अर्ध्या भाकरीवरून पाव भाकरीवर आलं. मधूनच ती विचारायची, "आले का?" जणू सोमा होडी बांधून घरी यायचा होता.

भाचा आला, कॅसेट आली. वेष्टणावर दीडशे मिनिटं असं स्वच्छ छापलेलं होतं. हिरामणने त्या आकड्यावरून बोट फिरवलं. पुन्हा व्हीसीआर आला, पुन्हा चाळ आली, आणि पडद्यावर नुसत्या पट्ट्या आल्या. त्या वरून खाली गेल्या, खालून वर आल्या.

"मी सांगितलं होतं, पद्धत वेगळी," मास्तर म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं. "दोन्ही पद्धतींचं मशीन लागेल. टीव्हीसुद्धा तसाच हवा."

असं मशीन ओळखीत एकाच माणसाकडे होतं, आणि त्याच्या दारात जायचं म्हणजे हिरामणला मरणप्राय होतं. काल्हेरचा तुळशीराम हा त्याचा चुलत भाऊ. खाडीकाठची भातशेती तुळशीरामच्या बापाच्या वाट्याला आली होती आणि होडी सोमाच्या. पुढे गोदामवाले आले. शेतीचं सोनं झालं, आणि पूल होऊन होडीचं सरपण झालं. तुळशीरामने बंगला बांधून त्यात दुबईच्या वस्तू भरल्या. त्यातल्या निम्म्या कशासाठी असतात हे त्यालाही माहीत नव्हतं. हिरामणने दहा वर्षांत त्याच्याकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तो गेला, आणि दारात चप्पल काढताना त्याला आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा दिसला.

"आरं, मंग मागायचं काय त्यात?" तुळशीराम म्हणाला. "काका माजा बी हाय. रविवारी काकीला घेऊन ये. समद्यांना बोलावतो."

'समद्यांना' या शब्दाकडे हिरामणने तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

रविवारी आईला रिक्षाने काल्हेरला नेली. वाटेत ट्रकांची रांग लागली होती. खड्डा आला की आई छातीवर हात ठेवायची. कॅसेट भाच्याबरोबर परत जाणार होती, म्हणून काशीने टेपरेकॉर्डर बरोबर घेतला होता. बोलणं टेप करून ठेवू, मग रोज ऐकता येईल, ही कल्पना तिची. एवढ्या सगळ्या प्रकरणात शहाणपणाची म्हणावी अशी तेवढीच कल्पना.

बंगल्यात अर्धं काल्हेर बसलं होतं, आणि सगळ्यांत पुढे राघो मास्तर. सोमाची होडी आठवणारे म्हातारे होते, न आठवणाऱ्या सुना होत्या. मशीन लागलं, चित्र स्वच्छ आलं. हिरामण घड्याळ धरून बसला आणि हरवलेल्या मालाची वाट बघू लागला. प्रमाणपत्र तेच. पहिलं भांडण तेच, पहिलं गाणं तेच, तेवढीच कडवी. एकही तुकडा नवा येईना. फक्त सगळं थोडं सावकाश होत होतं. माणसं चालताना पाय टेकत होती. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. धागे तेवढेच होते. इथं वीण सैल होती आणि लडकूच्या कॅसेटवर घट्ट ठोकलेली. कापड आखूड झालं होतं, पण एक धागाही कोणी काढून नेला नव्हता. मास्तर खरं बोलत होते.

त्याला आनंद व्हायला हवा होता, पण उदास वाटलं. चोर असता तर निदान मान वर करून त्याच्याकडे बघता आलं असतं.

तेवढ्यात खाडी आली. काशीने टेपरेकॉर्डरची बटणं दाबली. आई पुढे सरकून, मान वाकडी करून बसली. होडी आली आणि काल्हेरला कंठ फुटला.

"ती बघ, तीच होडी."

"गलबत न्हाय का ते?"

"पाटमोरा हाय तो सोमा. खांदा बघ, खांदा."

"आवाज वाढव रं, तुळशीराम."

"काकी, दिसतंय का?" असं कोणीतरी आंधळ्या बाईला विचारलं.

पडद्यावरचा सोमा वळला, त्याने दम घेण्यासाठी छाती भरली, तोंड उघडलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हिरामण ताडकन उठला आणि ओरडला, "गप बसा रे जरा."

सगळे गप्प झाले. पूर्ण शांतता पसरली. त्या शांततेत नायक होडीतून उतरून काठावरून चालू लागला होता.

"काय झालं?" आई म्हणाली. "बोलले का?"

"मागं घेतो, आये. आता लगेच."

तुळशीरामने रिवाइंड दाबलं. मशीन कण्हलं, थांबलं, आतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. झाकण उघडून बघितलं तर अमेरिकेची फीत चाकात गुंडाळून चुरगळलेली. ओढू नका, असं मास्तर म्हणेपर्यंत तुळशीरामने ओढली होती. त्यानंतर बराच वेळ सगळे एकमेकांना सल्ला देत राहिले.

परतताना रिक्षात आईने एकदाच विचारलं, "पुन्यांदा न्हाय लागनार?" हिरामणने नाही म्हटलं. तिने त्याचा हात चाचपडून मांडीवर घेतला, आणि भिवंडी येईपर्यंत तो बाहेरची गोदामं बघत राहिला, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर तो रडला असता. भाचा चुरगळलेली कॅसेट घेऊन अमेरिकेला गेला. मास्तरांनी त्या ओढलेल्या फितीवरून कधीही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळावं.

टेपरेकॉर्डर फळीवर पडून होता. सेल आत तसेच राहून उतरले होते. एका दुपारी आई म्हणाली, "त्यात काय भरलंय ते तरी लाव." काशीने नवऱ्याकडे बघितलं. हिरामणने बटण दाबलं, कारण आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उतरलेल्या सेलवर टेप रडतखडत फिरू लागला. काल्हेरची माणसं खोल विहिरीतून बोलल्यासारखी बोलत होती. गलबत, खांदा, काकी. आणि मग एक आवाज आला, जड, सावकाश, मधे दम घेणारा. "गप... बसा रे... जरा."

आई उठून बसली. किती दिवसांनी ती आधाराशिवाय उठली होती.

"हेच," ती म्हणाली. "हेच ते. ते काठ आला नि साहेब, ते सिनेमावाल्यांनी शिकवल्यालं. घरात असंच बोलायचे माज्यावर. लाव पुन्यांदा."

काशीने तोंड उघडलं. हिरामणने मान वर करून तिच्याकडे बघितलं. या खेपेला त्या बघण्याचा उपयोग झाला.

त्याने पुन्हा लावलं. संध्याकाळी आईने अर्धी भाकरी खाल्ली. आईला खरोखरच तो बापाचा आवाज वाटला, की चुकलेल्या मुलासाठी तिने तेवढं माप पदरचं घातलं, हे त्याने विचारलं नाही. काही गोष्टी टेबलावर पसरून मोजू नयेत, हे त्याला फितीने शिकवलं होतं.

अडचण एकच उरली. नवे सेल घातले की टेप नीट चालतो, आणि नीट चालला की त्यात हिरामण बोलतो. जुने पार संपले की कोणीच बोलत नाही. म्हणून कामतघरच्या त्या चाळीत, जिथं बाकीच्या बायका पापड आणि सांडगे वाळत घालतात, तिथं कठड्यावर हिरामण रोज कामावर जाण्याआधी चार उतरलेले सेल उन्हात मांडून ठेवतो. दुपारपर्यंत त्यांच्यात थोडी धुगधुगी येते. दोन वेळा बाप बोलेल एवढी पुरते.

येणारे-जाणारे थांबून सल्ला देतात, हिरामण, नवीन आण की, किती दिवस हे चालणार. हिरामण सेल परतून ठेवतो. किती दिवस चालणार ते त्याला मोजायचं नसतं. आतून आई हाक मारते, "आले का रे?" तेव्हा तो सेल हातात घेऊन, गरम लागतात का ते बघतो.